मालदीवचं ऑल इन्क्लुझिव्ह घ्यायचं की नाही, ते बिअरवर ठरत नाही

प्रश्न विचारणारा मुलगा नाशिकचा आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लग्न, हनिमूनला मालदीव, ४ रात्री, दोघांचं मिळून बजेट मुंबई ते मुंबई ४ लाख. एजंटने एकाच रिसॉर्टची दोन कोटेशनं दिलीत, एक फुल बोर्ड (फक्त तीन वेळचं जेवण) आणि एक ऑल इन्क्लुझिव्ह (जेवणाबरोबर प्यायचंही धरून), फरक माणशी रात्रीला ६५ डॉलर, टॅक्स धरून. होणारी बायको शाकाहारी आणि अजिबात न पिणारी, हा कधीतरी बिअर घेणारा. मित्र म्हणतात दारू पीत नसाल तर ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे पैसे पाण्यात. मग काय करावं?

मी ठाण्यात १६ वर्षं हेच काम करतेय, त्यातली निम्मी हनिमूनचीच बुकिंग्ज असतात, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

तुमचे मित्र म्हणतात ते गोव्यात बरोबर आहे. गोव्यात हॉटेलच्या बाहेर पडलं की शॅक आहे, दुकान आहे, फिश थाळी आहे, तिथे ऑल इन्क्लुझिव्ह घेणं मलाही पटत नाही. मालदीवच्या रिसॉर्टबाहेर असं काही नसतंच. तिथे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट झालं तेव्हापासून साधारण हीच पद्धत आहे, म्हणजे तुम्ही ज्या बेटावर उतरलात त्यावर दुसरा हॉटेलवाला नाही, टपरी नाही, मेडिकलसुद्धा नाही. पाण्याची बाटली हवी असेल तर ती त्यांच्याकडूनच आणि त्यांच्याच भावात. आणि मेन्यूवर जो भाव दिसतो तो खरा नसतो हे आधी डोक्यात बसवा. त्याच्यावर १०% सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर १७% टुरिझम जीएसटी (हा १ जुलै २०२५ पासून १६ चा १७ झालाय). म्हणजे १०० डॉलरचं काही घेतलं तर बिल येतं १२८ डॉलर ७० सेंट.

आता तुमचाच हिशोब मांडते, भाव रिसॉर्टप्रमाणे खालीवर होतील पण अंदाज येईल. तुमच्या दोन कोटेशनांतला फरक ६५ गुणिले दोघं गुणिले ४ रात्री, ५२० डॉलर. डॉलर ९० ला धरला तर ४६,८०० रुपये. फुल बोर्डमध्ये तीन वेळचं जेवण मिळतं पण प्यायचं सगळं वेगळं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी जेवणाच्या टेबलावरच्या पाण्याचेही वेगळे पैसे लावतात, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं. तुम्ही रोज दोन बिअर घेतल्या, ९ डॉलरला एक, ४ दिवसांचे ७२. तिने रोज दोन ज्यूस नाहीतर मॉकटेल घेतले १० च्या भावाने, ८० झाले. दुपारी दोघांची एकेक कॉफी ६ डॉलरची, ४८. दोन्ही जेवणांना एकेक मोठी पाण्याची बाटली, तीही ६ ची, आणखी ४८. एकूण २४८, त्यावर सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स चढवला की ३१९. म्हणजे इथपर्यंत मित्र बरोबर, तुम्ही २०० डॉलर जास्त देताय. पण नीट बघा, या ३१९ मध्ये बिअरचा वाटा फक्त ९३ आहे, बाकी सगळं पाणी कॉफी ज्यूस, म्हणजे न पिणाऱ्यांचाच खर्च!

आणि आता खरा मुद्दा. तुमच्या ऑल इन्क्लुझिव्हच्या कोटेशनमध्ये एक ओळ आहे, 'एक एक्सकर्शन मोफत'. ही ओळ कोणी वाचत नाही. डॉल्फिन बघायला नेणारी संध्याकाळची बोट किंवा गाइडबरोबर स्नॉर्कलिंगची (मास्क लावून पोहत मासे बघायची) ट्रिप बाहेरून घेतली तर माणशी ५० डॉलर धरा, दोघांचे १००, टॅक्ससकट १२९. ती एक ट्रिप धरली की तुमचा खर्च ४४८ वर जातो. दोन ट्रिपा मोफत असतील तर ५७७, म्हणजे ऑल इन्क्लुझिव्ह स्वस्त पडलं. तर एजंटला फोन करून विचारा की ट्रिप किती, कोणती, माणशी की रूममागे, आणि वारा असेल म्हणून बोट निघाली नाही तर दुसऱ्या दिवशी देतात की बुडाली. 'सबजेक्ट टू अव्हेलेबिलिटी' असं मोघम उत्तर आलं तर ती ट्रिप नाहीच असं समजून चाला. बिनमोटरची कयाक, स्नॉर्कलचा मास्क आणि पायात घालायचे पंख पॅकेजमध्ये आहेत का तेही विचारा, मास्कचं रोजचं भाडं लावणारे लोक आहेत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एक ट्रिप मिळत असेल तरी मी तुम्हाला ऑल इन्क्लुझिव्हच घ्यायला सांगेन, ७०-७५ डॉलर जास्त जातील ते जाऊ द्या. कारण सांगते. काही वर्षांपूर्वी एक जोडपं पाठवलं होतं, दोघंही न पिणारे, मी हट्टाने त्यांना हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) दिलं आणि पैसे वाचवले म्हणून स्वतःवर खूश होते. मुलीने बॅग भरून खाकरा, बाकरवडी आणि मॅगी नेली होती. पहिल्या दुपारी वॉटर व्हिलाच्या (पाण्यावर बांधलेल्या रूमच्या) डेकवर किटलीतली मॅगी खाताना मजा वाटली, फोटोही पाठवले मला. तिसऱ्या दिवशी तिने आइस्ड कॉफी मागवली, सही करायला चिठ्ठी आली, याने ती उलटून बघितली आणि एवढंच म्हणाला, 'अकराशे?' ती कॉफी तिने अर्धी टाकली. हे मला तिनेच नंतर सांगितलं, हसत सांगितलं, पण माझ्या डोक्यातून काही ते जात नाही. तेव्हापासून ओळख होऊन जेमतेम सहा महिने झालेल्या जोडप्यांना (आपल्याकडे बघून ठरवलेल्या लग्नात हेच असतं) मी जरा जास्त देऊन बिलाची चिठ्ठीच टेबलावर येणार नाही असं बघते. आठ वर्षं एकत्र फिरलेले असतील त्यांना खुशाल फुल बोर्ड, ते एकमेकांचा कंजूषपणा ओळखून असतात.

ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे सगळं मिळतं असं मात्र नाही. स्पा नाही, लॉब्स्टर नाही, बीचवर मेणबत्त्या लावून दोघांचं वेगळं जेवण त्यात बहुतेक नसतं, आणि त्यांचं सगळ्यात भारी रेस्टॉरंट असेल तिथे तुम्हाला ठरावीक डॉलरचं क्रेडिट देतात, वरचे तुमचे. मिनीबार दिवसातून एकदा भरतात. वेळ पण बघा, पॅकेज चेकइनला सुरू होतं आणि चेकआउटला, म्हणजे दुपारी १२ ला संपतं. तुमची परतीची बोट ४ ला असेल तर मधल्या चार तासात घेतलेला लिंबूसरबतही बिलावर.

तुमची बायको शाकाहारी म्हणून एक खास सांगायचंय. बुफेत शाकाहारी भरपूर असतं, भारतीय कुकही बऱ्याच ठिकाणी असतो, उपाशी कोणी राहत नाही, लहान रिसॉर्टवर चौथ्या दिवशी त्याच दाल-पनीरचा कंटाळा येतो इतकंच. भीती आहे ती चहाच्या वेळेची. ऑल इन्क्लुझिव्हमध्ये संध्याकाळी मालदीवचे चहाबरोबरचे पदार्थ मांडतात, त्यात बजिया म्हणून एक असतो, दिसतो समोशासारखा, नाव वाटतं भजीसारखं, आणि आत असतो ट्यूना. गुल्हा म्हणजे गोल गोळे, त्यातही ट्यूनाच. सकाळी खोबरं-कांदा-मिरचीची कोशिंबीर दिसेल रोशीबरोबर, रोशी म्हणजे आपली पोळीच, तेही मास हुनी आहे, ट्यूना घातलेला. आमच्या एका मावशींनी दोन चमचे वाढून घेतल्यावर वासाने ओळखलं. तर विचारून खायचं, आणि बुकिंगमध्ये 'व्हेज, नो फिश, नो एग' असं लिहून घ्यायचं, कारण नुसतं व्हेज म्हटलं की मासा त्यांच्या हिशोबात मांसाहारात धरला जाईलच असं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं पण जास्त महत्त्वाचं, ट्रान्सफर. माले विमानतळ हुलहुले नावाच्या बेटावर आहे, तिथून पुढे रिसॉर्टपर्यंत स्पीडबोट, सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) किंवा देशांतर्गत विमान अधिक बोट असे तीनच रस्ते. स्पीडबोटचे जाऊन-येऊन माणशी साधारण १०० ते २५० डॉलर. सीप्लेनचे ४०० ते ६०० च्या घरात, दोघांचे हजार झाले की तुमच्या बजेटमधले ९० हजार फक्त तिथे गेले, ४ रात्रींसाठी हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमची फ्लाइट दुपारी साडेतीन-चारच्या नंतर उतरली की त्या दिवशीचं सीप्लेन गेलं, मग एक रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात काढायची, आणि रिसॉर्टची रात्र भरलेली असते ती असते. सामानही २० किलो आणि हातात ५ किलो, वरचं वजन पैसे देऊन. हो, वरून ती बेटं म्हणजे निळ्यात सांडलेल्या बांगड्यांसारखी दिसतात आणि पायलट अनवाणी चालवतो, ते सगळं खरंय, पण बजेट ४ लाख आहे तर स्पीडबोटने ४५ मिनिटांत पोचणारं बेट घ्या आणि राहिलेल्या पैशातून रूम वरची घ्या. ७ लाख असते तर मी वेगळं बोलले असते.

रूमवरून आठवलं, सगळ्यांना वॉटर व्हिलाच हवा असतो, फोटोसाठी, बरोबर आहे, लग्न एकदाच होतं. पण ४ रात्री सगळ्या पाण्यावर घेऊ नका. दोन रात्री बीच व्हिला आणि नंतर दोन वॉटर, हाच क्रम, उलटा केलात तर बीच व्हिलाला उतरल्यासारखं वाटतं. तुम्हा दोघांपैकी कोणाला पोहता येत नसेल तर वॉटर व्हिलाच्या शिडीखाली पाणी किती खोल आहे ते आधी विचारा, काही ठिकाणी कमरेएवढं असतं आणि काही ठिकाणी शिडी संपली की प्रवाळाची कड आणि मग थेट खोल. प्रवाहाला जोर असतो तिथे. लाइफ जॅकेट घालायला लाजू नका, चांगले पोहणारेसुद्धा त्या कडेवर दमतात. आणि डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येकडून असतो, म्हणून तेव्हा बेटाच्या पश्चिमेकडची, सूर्यास्ताची बाजू सहसा शांत मिळते, त्या बाजूच्या व्हिलाचे थोडे जास्त पडतात पण डिसेंबरात ते द्यावेत.

रिसॉर्ट निवडताना स्टार बघण्यापेक्षा 'हाउस रीफ' आहे का ते बघा, म्हणजे बेटाला लागूनच पोहत जाता येईल इतक्या अंतरावर प्रवाळ आणि मासे आहेत का. असेल तर मास्क लावून कासव, छोटे काळ्या टोकाचे शार्क (घाबरू नका, तेच पळतात) दिवसातून तीनदा फुकट बघा. नसेल तर प्रत्येक वेळी बोट, आणि बोट म्हणजे परत ते १२९ डॉलर. मालेजवळच्या भराव घालून केलेल्या बेटांवर पोहायला झकास, पण मासे बघायला फारसं काही नाही.

तारखा. मार्गशीर्षात लग्न लागलं की पौषाच्या आत सगळं उरकायची घाई असते, आणि मग जी मंडळी थोडी लांबवतात ती बरोबर ख्रिसमसच्या रेटमध्ये जाऊन अडकतात. २० डिसेंबरच्या आसपास रेट उडतात ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत खाली येत नाहीत, वर ख्रिसमस आणि ३१ चं गाला डिनर सक्तीचं, खा नाहीतर खाऊ नका, पैसे द्यायचेच. पण म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघू नका! तुम्ही लिहिलंय की लग्न झालं की दोन दिवसात उडायचं. अहो, हळद, लग्न, सत्यनारायण, कोणाकडे जागरण-गोंधळ, मग कुलदैवत, हे टाळून निघालात तर चार दिवस आईचे फोन येणार, आणि न टाळता निघालात तर पहिले दोन दिवस नुसते झोपाल, रात्रीला ५०० डॉलर देऊन. लग्नापासून आठवा-नववा दिवस हा माझ्या अनुभवात सगळ्यात बरा, तुमच्या बाबतीत साधारण १२ ते १८ डिसेंबरच्या मधल्या ४ रात्री. मेंदीही टिकलेली असते फोटोसाठी.

तारीख ठरवताना मुलीला तिच्या पाळीची तारीख विचारा, आत्ताच, लाजत बसू नका. लग्नासाठी म्हणून गोळी घेऊन पाळी पुढे ढकलतात आणि ती बरोबर विमानात येते, हे मी दर सीझनला ऐकते. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरला विचारून, मैत्रिणीला विचारून नाही. आणि नवीन लग्नात मुलींना लघवीला जळजळ होणं फार कॉमन आहे, त्यात उन्हाने पाणी कमी पडतं, तर निघायच्या आधी तिच्या डॉक्टरांना विचारून औषध बरोबर ठेवा. बेटावर डॉक्टर असतो किंवा शेजारच्या बेटावरून येतो, पण तो पॅकेजमध्ये नसतो.

कागदपत्रांचं पटकन सांगते. व्हिसा आपल्याला आधी काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. प्रवासाच्या आधी ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती खोटी. पासपोर्ट सहा महिने चालू असू द्या. तिचं तिकीट तिच्या पासपोर्टवरच्या, म्हणजे माहेरच्या नावानेच काढायचं! आपल्याकडे पत्रिका छापतानाच नाव बदलतात, एकाने प्रेमाने बायकोचं लग्नानंतरचं नाव टाकून तिकिटं काढली होती, विमानतळावर नाही सोडलं तिला, नवीन तिकीट काढून दुसऱ्या दिवशी गेले. नाव बदलायचं असेल तर आल्यावर बदला. हनिमूनची केक-फुलं-पलंगावरचे टॉवेलचे हंस ही भेट मिळायला बरीच रिसॉर्टं लग्नाचं सर्टिफिकेट मागतात, तुमचं तोवर हातात नसेल तर एजंटकडून लेखी विचारून घ्या की इंग्रजी पत्रिका चालेल का.

ग्रीन टॅक्स रिसॉर्टवर माणशी रोजचा १२ डॉलर आहे, २०२५ पासून ६ चा १२ झाला, तुमचे दोघांचे ४ रात्रींचे ९६. कोटेशनमध्ये तो धरलाय का बघा, जुने पीडीएफ फिरवणारे एजंट अजून ६ ने धरतात आणि उरलेले चेकआउटला तुमच्याकडून जातात. इथे टूर पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापतील तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो, सर्टिफिकेट मागून ठेवा.

बॅगेत काय नको ते जास्त महत्त्वाचं. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून बाटली घेऊ नका, मालेला बॅगा स्कॅन होतात, बाटली ठेवून घेतात आणि पावती देतात, परत जाताना मिळते. व्हेपवर नोव्हेंबर २०२४ पासून बंदी आहे. आणि आईने पर्समध्ये टाकलेला छोटा गणपती घरीच काढून ठेवा, पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत तिथे, उगाच कस्टमच्या टेबलावर बाप्पाला ठेवायची वेळ नको. मंगळसूत्राला कोणी काही म्हणत नाही. पण ते आणि अंगठ्या समुद्रात उतरताना काढून तिजोरीत ठेवायच्या, हे मी प्रत्येकाला सांगते आणि कोणी ऐकत नाही. पाण्यात बोटं गार पडून बारीक होतात, वर सनस्क्रीनचा ओशटपणा, नवीन अंगठी आधीच थोडी सैल केलेली असते, एकाची शिडीच्या तिसऱ्या पायरीवर सटकली, डोळ्यांसमोर चमकत खाली गेली, रिसॉर्टच्या दोन मुलांनी तासभर बुड्या मारल्या, नाही मिळाली. हिरवा चुडा काचेचा असेल तर बोटीत चढताना हात रेलिंगवर आपटतो, त्या दिवसापुरता काढा, सासूबाईंना सांगू नका म्हणजे झालं.

एक शेवटची शंका मला तुमच्या प्रश्नातूनच आली. तुम्ही लिहिलंय, 'मला दिवसभर बसून राहायचा कंटाळा येतो'. हे जर खरं असेल तर ४ रात्री मालदीव ठीक, पाचवी रात्र अजिबात वाढवू नका, बेट १५ मिनिटांत फिरून होतं. फिरायचीच आवड असेल तर याच पद्धतीचा पर्याय मॉरिशस, मुंबईहून सव्वासहा-साडेसहा तास, तिथे मात्र हाफ बोर्ड घ्या, कारण दिवसभर बाहेरच असता, ले मॉर्नचा डोंगर, गंगा तलाव, आणि रस्त्यावर ढोल पुरी मिळते, चवीला आपल्या पुरणपोळीच्या तिखट बहिणीसारखी. मराठी आडनावाचा टॅक्सीवाला भेटला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, तिथे मराठी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत. फक्त डिसेंबर तिकडे उन्हाळा आणि वादळांचा मोसम, जोखीम थोडी असते.

तर आत्ता एजंटला एवढं लिहून विचारा, ट्रिपा किती आणि कोणत्या, हाउस रीफ आहे का, स्पीडबोटचे पैसे आणि १२ डॉलरचा ग्रीन टॅक्स धरलाय का, आणि परतीची बोट किती वाजता. उत्तरं आली की इथेच टाका, मी बघते. आणि १-१ आणि ५-५ डॉलरच्या नोटा इथूनच घेऊन जा, बॅगा उचलणाऱ्या मुलाला १०० ची नोट देऊन सुट्टे मागता येत नाहीत.